डावीकडे कलणारी होडी

६ ऑगस्ट

होडी डावीकडे कलते. आज पुन्हा!

धबधब्याच्या जरा अलीकडे, जिथं तिनं शहाण्यासारखं सरळ राहायचं, तिथं बाईसाहेब हळूच डावा खांदा पाडतात. फार नाही. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला कळणारही नाही. पण आत बसलेल्याच्या पोटाला कळतं — आणि आमचा सगळा धंदा पोटाशी आहे, डोळ्यांशी नाही.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, जमीनच उतरती असेल." जमीन मापली. सपाट. मग होडीखालचे सहा पाय मापले. करमणूक बागेतली होडी म्हटली की लोकांना वाटतं, खाली पाणी असणार. थेंब नाही! चाकांचा गाडा, गाड्यावर वर-खाली होणारे सहा लोखंडी पाय, त्यांवर होडी. लाटा, काठ, आभाळ सगळं पडद्यावर. सहाही पाय सारखे निघाले. तेल बदललं, चाकं बदलली. कलते ती कलतेच.

उद्घाटन ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी. मोठे साहेब उठसूट येतात आणि फक्त तारीख विचारतात. सगळे त्यांना मागून तारीखसाहेब म्हणतात. मी तोंडावर म्हणता म्हणता थांबलो आज.

घरी आलो. किल्ली खिशात असताना आधी बेल वाजवली. वर्ष होऊन गेलं, तरी बोट आपलं बेलकडेच जातं.

७ ऑगस्ट

दूध उतू गेलं. समोर उभा होतो तरी!

९ ऑगस्ट, रविवार

हिचा फोन. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली ती तिकडचीच झाली. नातीनं मान धरेपर्यंत राहते म्हणाली. मान धरली. मग बसेपर्यंत. बसली. मग रांगेपर्यंत. रांगते आहे घरभर. आता म्हणे पावलं टाकेपर्यंत. या चालीनं नातीला कॉलेजात घालूनच येणार!

"अहो, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय? हे बघा, तुम्ही म्हणत असाल तर येते मी."

"छे छे! राहा की निवांत. माझं काय अडलंय इथं?"

फोन ठेवला. उकडलेलं अंडं खाल्लं, तेही उभ्यानं, ओट्यापाशी. काय अडलंय म्हणे! सगळं अडलंय. दुपार अडली आहे. हिच्या खोलीतला पंखा बंद ठेवला की खोली मोठी वाटते आणि चालू केला की पंखाच तेवढा ऐकू येतो. आठवण येते. झालं, लिहून टाकलं. इथं लिहिता येतं, फोनवर तोंडातून निघत नाही.

१२ ऑगस्ट

आज कार्यशाळेत खुंटीवरचं हिचं जाकीट झटकलं. धूळ बसली होती.

कुठलंही वाहन लोकांसाठी खुलं करण्याआधीचा शेवटचा रविवार हिचा. सगळी परीक्षणं झाली, सह्या झाल्या, तरी ही येऊन बसल्याशिवाय माझ्या मते काम संपत नाही. मी उजवीकडे, ही डावीकडे. बाकीची माणसं किंकाळ्या मारतात. ही कधी ओरडली नाही. जिथं वाहनाची चाल — झोके, वळणं, घसरण — बरोबर जमून आलेली असेल तिथं फक्त माझं कोपर धरायची. नुसतं धरलं, म्हणजे जमलं. नखं लागली, म्हणजे जास्त झालं, जरा कमी कर. धरलंच नाही, तर मिळमिळीत, पुन्हा कर. मोठमोठी मापनयंत्रं एकीकडे आणि हिची बोटं एकीकडे! माझ्या चालींचं लोक कौतुक करतात. त्यातलं निम्मं हिच्या बोटांचं.

उतरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला — "कुणाला गरगरलं का हो?" सगळ्या जगाची काळजी हिला.

जाकिटाच्या खिशात हात गेला. लिंबू! वाळून सुपारीएवढं झालेलं. हिला लिंबाच्या वासाचं भारी वेड. वाहनात बसायचं म्हटलं की आधी पर्समधून लिंबू काढून नाकाशी. मी चिडवायचो, फेरीला आलीस की सरबताला? आज मीही नाकाशी धरून पाहिलं. वास गेला होता. परत खिशात ठेवून दिलं.

१८ ऑगस्ट

सेन्सरवालीशी खटका उडाला. हुशार पोरगी आहे, म्हणूनच उडाला.

ही होडी आमच्या जुन्या वाहनांसारखी नाही. जुन्यांना एकदा चाल बसवली की जन्मभर तीच चाल. ही बसणाऱ्याचं अंग ओळखते. बाकाखाली वजन कुठं पडतंय ते कळणारे सेन्सर आहेत — ते या पोरीच्याच हातचे, म्हणून तिला हे नाव. माणूस झुकला की होडी त्याच्याबरोबर झुकते, खऱ्या पाण्यातल्यासारखी. वर रोजच्या फेऱ्यांवरून शिकते. माणसं कुठं बिचकतात, कुठं पुढं वाकतात, ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आधीच तयार राहते.

आणि तिचे पहिले धडे माझे. माझी जुनी पद्धत आहे ती. सुरुवातीला वाहनात फक्त मी. उजवी जागा.

"सर, डाव्या बाजूला कुणाला तरी बसवा ना. मी बसते हवं तर."

"नको. ती जागा मोकळी राहू दे."

"पण का?"

"माझी पद्धत आहे."

"पद्धत कळली सर. कारण विचारतेय मी."

कारण! कारण तिथं बसणारं माणूस परदेशी गेलं आहे, हे काय सांगू या पोरीला? "वजनाचा हिशेब सोपा पडतो," असं काहीतरी ठोकून दिलं. तिनं मान हलवली. पटलं नाही, हे लपवलंही नाही.

२१ ऑगस्ट

आज पाहुणे बसवले. पाहुणे म्हणजे पाण्यानं भरलेले रबरी पुतळे, माणसाच्या वजनाचे. खात नाहीत, बोलत नाहीत, बसवू तिथं बसतात, म्हणून पाहुणे. दोन्ही बाजू भरल्या, अगदी समसमान. आता कललीस तर बघ म्हटलं!

कलली. धबधब्याच्या अलीकडे, तिथंच, तेवढीच.

मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, मशिनात खोट नाही. हिला कुणीतरी डावीकडून बोलावतंय."

सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

२५ ऑगस्ट

तारीखसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सरळ झाली नाही, तर तिचं ते शिकणं-बिकणं बंद करा. ठरलेली चाल द्या आणि सोडा."

म्हणजे पुन्हा तेच. लहान मूल झुको, म्हातारी आजी झुको, होडीला काय त्याचं! चार वर्षं या होडीसाठी डोकं फोडलं ते एवढ्यासाठी? तोंड उघडलं होतं. मिटलं. "बरं," म्हणालो.

३० ऑगस्ट, रविवार

आज आधी लेक बोलली. तिची नोकरी ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू होते आहे. बाळाला अजून परक्या हातात द्यायचं जिवावर येतं तिच्या.

"बाबा, आईनं आणखी एक वर्ष राहावं असं वाटतंय आम्हाला. तिचा मुक्काम वाढवायची कागदपत्रं आता महिन्याभरात करावी लागतील. आई म्हणते, बाबांना विचार. तुझं काय म्हणणं?"

आणखी एक वर्ष. मी खिडकीतून खाली बघत होतो. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढलं होतं आणि कुणाशी तरी बोलत तसाच उभा होता.

"बाबा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय की. आईला हवं तसं करू दे."

मग ही आली फोनवर. "ऐकलंत ना? काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"उद्घाटनाला येशील ना? तेवढं बघ," म्हटलं. "होडी मस्त झाली आहे. तुझी जागा ठेवली आहे."

ही मग म्हणाली, "बघू." आणि मग नातीचं रडणं ऐकू आलं, आणि ती गेली.

"ये" एवढंच म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द! सहा पायांच्या होडीला नाचवतो मी, आणि जीभ तेवढी हलत नाही.

४ सप्टेंबर

सापडलं.

सेन्सरवालीनं दुपारी बोलावलं. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता. माझ्या सगळ्या फेऱ्या एकावर एक काढल्या होत्या तिनं.

"हे बघा सर. उजव्या बाकावरचं वजन. प्रत्येक घसरणीच्या आधी ते डावीकडे जातंय. होडी कलायच्याही आधी. होडीनं हेच शिकून घेतलंय, म्हणून पाहुण्यांनाही तशीच कलते."

"म्हणजे बसणारा झुकतोय."

"हो."

"कोण बसतं उजवीकडे?" मिस्त्रीनं विचारलं. आणि विचारता विचारताच त्याला कळलं बहुतेक. तो खालचे नटबोल्ट मोजायला लागला.

मी म्हटलं, शक्य नाही. तीस वर्षं ताठ बसतोय मी. तेव्हा तिनं कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. मी होडीत. एकटा. धबधबा आला — आणि माझा डावा हात अंगापासून सुटला. कोपर बाहेर आलं. चांगलं वीतभर! त्याच्यामागून खांदा, खांद्यामागून सगळा मी, रिकाम्या जागेकडे. क्षणभर तसाच थांबलेला. मग हात परत जागेवर.

पुढची घसरण. पुन्हा कोपर.

दुसऱ्या दिवशीची फेरी. कोपर. त्याच्या पुढच्या दिवशीची. कोपर!

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. होडीला ठाऊक होतं.

सेन्सरवालीनं चित्र बंद केलं. चष्मा पुसत बसली उगीच. मग म्हणाली, "सर, बिघाड नाहीये हा. ती बरोबरच शिकलीये."

मी हात धुवायला म्हणून बाहेर गेलो. बराच वेळ नळ चालू होता.

५ सप्टेंबर

कार्यशाळेत सगळे माझ्याशी जपून बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. शिव्या परवडल्या!

६ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. आज सगळं सांगितलं हिला. होडी कलत होती ते, पाहुणे, रेघा, कोपर. बोलताना चालत होतो, बैठकीतून स्वयंपाकघरात आणि परत.

"तर ते असं आहे," म्हटलं. "मला इथं करमत नाही. तू ये."

पलीकडे हिनं नाक ओढल्याचा आवाज.

"किती दिवस वाट बघत होते हो मी, कधी म्हणताय."

मला वाटलं, झालं! जिंकलो!

"पण एक सांगू? चिडणार नाही ना?"

"नाही. सांग."

"मी येईन. पण होडीत नाही बसणार. मला गरगरतं."

"होडीत? अजून बसलीस कुठे?"

"होडीत नव्हे हो. सगळ्यातच. पहिल्यापासून. तो गोल फिरणाऱ्या कपांचा खेळ केला होतात ना, तेव्हापासून."

मी थांबलो. फ्रिजपाशी.

"मग ते कोपर?"

"कशाला तरी धरायला नको? पडले असते."

"आणि नखं?"

"तेव्हा अगदी तोंडाशी आलेलं असायचं."

"लिंबू?"

"अहो, लिंबू माणूस कशाला हुंगतो?"

"मग सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं?"

"उतरलं की तुम्ही इतक्या हौसेनं माझ्या तोंडाकडे बघायचात! कसं सांगणार?" मग म्हणाली, "रागावू नका. पण इथं वर्षभरात पायाखालचं काही हललं नाही माझ्या. बरं वाटलं."

८ सप्टेंबर

फोन केला नाही. तिचा आला, घेतला नाही. घेऊन बोलू काय?

तीस वर्षं लोकांच्या पोटातलं ओळखायचा पगार घेतला. शेजारच्या बाकावरचं पोट ओळखता आलं नाही! "कुणाला गरगरलं का हो?" कुणाला म्हणजे कुणाला, गाढवा!

राग याचा नाही. हिनं सांगितलं नाही, याचाही नाही. टोचतं ते वेगळंच. ती पकड माझ्यासाठी नव्हतीच मग. माझ्या जागी खांब असता तर हिनं खांब धरला असता. आणि मी वेडा, वर्षभर हवेत कोपर काढून बसलो!

११ सप्टेंबर

होडीचे धडे पुसायचे ठरले. पुसण्याआधी एकदा बसलो. डावीकडे, हिच्या जागेवर. कधीच बसलो नव्हतो तिथं.

उजव्या जागेवरून समोरचा काठ दिसतो. डावीकडून दिसत नाही, मध्ये होडीचं उंच तोंड येतं. काय येणार ते आधी कळतच नाही. घसरण आली की आलीच. शेजारी धरायला कुणी नाही. आणि धबधब्यापाशी होडी कलली, नेहमीसारखी, या वेळी थेट माझ्यावर. पोटात गोळा आला. डोळे मिटले तर आणखीच वाईट.

उतरलो तेव्हा भिंत धरावी लागली. मिस्त्री पाण्याची बाटली घेऊन धावला. मी खुंटीवरच्या हिच्या जाकिटातलं ते वाळकं लिंबू काढून नाकाशी धरलं. वास नव्हताच. तरी धरलं.

प्रत्येक वाहनात अशाच डाव्या जागेवर बसायची ही. दर वेळी. आणि उतरून हसायची.

पुसताना सेन्सरवालीनं विचारलं, "एक प्रत ठेवू का सर?"

"नको." आणि दारापर्यंत जाऊन परत आलो. "ठेव."

१४ सप्टेंबर

आता धडे जोड्यांचे. पद्धत सेन्सरवालीची, मी फक्त मान डोलावली. कँटीनचा आचारी आणि त्याची सासू. झाडूवाल्या दोघी मैत्रिणी — त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. चौकीदार आणि त्याची बायको फेरीभर भांडले, होडी बिचारी दोन्हीकडून हेलकावे खात होती. खऱ्या पाण्यात तरी दुसरं काय होतं?

मिस्त्रीनं तारीखसाहेबांनाच ओढून आणून शेजारी बसवलं. पहिल्याच घसरणीला साहेबांनी मिस्त्रीला दोन्ही हातांनी मिठी मारली. सगळी कार्यशाळा टाळ्या वाजवत होती.

आणि आणखी एक. होडीचं ते उंच तोंड कापायला सांगितलं. डावीकडून काठ दिसला पाहिजे.

१७ सप्टेंबर

सरळ! पूर्ण फेरी सरळ. ज्याचं अंग जिकडे, तिकडे होडी. शिकणं चालू राहणार, तारीखसाहेबांनी तोंडानं कबूल केलं.

आनंद झाला. मग नेहमीसारखा हिला फोन लावायला गेलो आणि आठवलं की मी रागावलेलो आहे. तरी लावला.

"सरळ झाली," म्हटलं.

"झाली ना? मला ठाऊक होतं." आणि लगेच — "कुणाला गरगरलं का हो?"

"मला," म्हटलं. "तुझ्या जागेवर बसलो होतो."

ही इतकी हसली, इतकी हसली, की नातही मागून हसायला लागली. तिला काय कळलं कुणास ठाऊक! आणि मग मीही. किती दिवसांनी हसलो त्या घरात. त्या म्हणजे या. माझ्याच.

हसणं ओसरल्यावर ही हळूच म्हणाली, "मग कागदपत्रांचं काय करायचं? मी येऊ म्हणताय ना?"

"थांब जरा," म्हटलं. "दोन दिवस दे मला."

१९ सप्टेंबर

आज मीच तारीखसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मला एक तारीख हवी आहे. ते खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्याकडे आजवर कुणी मागितली नसावी!

३ ऑक्टोबर, शनिवार

तिकडे होडी सुटली. सेन्सरवालीचा निरोप आला — पहिली फेरी भरलेली, सरळ गेली, तारीखसाहेब ओरडले.

मी इथं, रजा टाकून, लेकीच्या घरामागच्या बागेत. परतीचं तिकीट काढलेलं नाही, कधी काढायचं ते ही सांगेल. नात समोर गवतात उभी राहायची खटपट करते आहे. मी उजवीकडे, ही डावीकडे. सिमेंटचा बाक, पाय जमिनीत पुरलेले.

बाक जरासुद्धा हलत नव्हता. हिनं माझं कोपर धरलं.